फाटकाच्या आतलं नाव

रिमू क्रीक, न्यूझीलंड
१४ जुलै १९५७

थोरल्या जाऊबाई सेलिना यांना धाकटीचा नमस्कार. उभ्याने केला असं समजा, गुडघे ऐकत नाहीत.

तुमचं पहिलं पत्र फेब्रुवारीत आलं ते इनॉक भाऊजी गेल्याचं. पन्नास वर्षांत आपण दोघी जावांनी एकमेकींना एक ओळ लिहिली नाही, आणि लिहिली ती अशी. म्हणून ठरवलं, आता माझ्याकडून जाईल ते चांगल्या बातमीचंच. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा चुका पोटात घाला.

तर आमच्या नोएलीनचं लग्न ठरलं. नोएलीन म्हणजे आमच्या आर्थरची मुलगी. आर्थर क्रीटच्या लढाईत पडला तेव्हा ही चार वर्षांची होती. आई दुसरं लग्न करून क्राइस्टचर्चला गेली, पोर आमच्याकडे राहिली. आता उंचीला माझ्यापेक्षा एक वीत जास्त आणि तोंडाने दोन वीत. नवरा मुलगा डेस्मंड स्पार्गो, इथल्या कोळशाच्या खाणीतच फिटर आहे. लाजरा आहे पण जेवतो छान. लग्न १९ ऑक्टोबरला. तोवर नदीत पांढरे मासे चढलेले असतात. काडीएवढे असतात हो, डोळ्यासकट खायचे. जेबेझ जाळं लावून पहाटे बसतो आणि मी त्यांची अंड्यात धिरडी करते. आमच्याकडे लग्नाला प्रत्येक घरची बाई आपलं एक ताट भरून आणते आणि लांब टेबलावर मांडते. माझं धिरड्यांचं ताट आधी संपतं, हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. गेल्या वर्षी मेथडिस्ट पाद्र्याने सात खाल्ली आणि मग आठवी रुमालात गुंडाळली.

मी आनंदाने लिहायला बसले खरी, पण आता राग येतोय तर तोही लिहिते.

गावात मोठा हॉल एकच, रग्बी क्लबचा पॅव्हेलियन. आणि मुलाचा बाप हर्बर्ट स्पार्गो हा त्या क्लबचा सेक्रेटरी. मेजवानी तिथेच ठेवलीय. आणि माझ्या नवऱ्याला, जेबेझला, त्या मैदानात पाय ठेवायची बंदी आहे, १९०८ पासून. तुम्हाला हे ठाऊक असेलच, नसेल तर ऐका. भाऊजी नि जेबेझ इथल्या रग्बीच्या पोरांबरोबर बोटीने तुमच्याकडे पैसे घेऊन खेळायला आले. पैसे घेऊन म्हणजे काय, तर आधी प्रत्येकाने स्वतःचे पन्नास पौंड घातले तेव्हा बोट मिळाली. वर्तमानपत्रांनी ‘सगळे सोन्याचे’ म्हणून हिणवलं. भाऊजी तुमच्यासाठी तिथे राहिले, बरं केलं. हा माझ्यासाठी परत आला. पैसे घेऊन खेळले म्हणून वेलिंग्टनच्या रग्बीच्या साहेबांनी जन्मभर खेळायचं नाही असा हुकूम काढला होता. मैदानात पाऊलही टाकायचं नाही, हे आमच्या गावच्या शहाण्यांनी वरून जोडलं. पॅव्हेलियनमधल्या फळीवर १९०६ च्या संघाची नावं आहेत, त्यातली दोन चाकूने खरवडलेली. दोन्ही ट्रेम्बाथ, आपल्याच घरची.

आणि मैदानाच्या फाटकाचे दगडी खांब आहेत ना, ते युद्धात गेलेल्यांचं स्मारक. त्यावर आमचा आर्थर कोरलाय. आर्थर याच क्लबकडून खेळायचा, बाप कुंपणाबाहेर कोळशाच्या रिकाम्या वॅगनवर उभा राहून बघायचा. खांबांवर नावं आतल्या बाजूला कोरली, का तर समुद्राकडचा पाऊस बाहेरून मारतो, अक्षरं झिजतील. झाली आठ वर्षं. मी जाऊन बोट फिरवून येते. बापाने ते नाव अजून पाहिलेलं नाही. स्मरणदिनाला सगळं गाव आत उभं राहतं आणि हा बाहेर रुळांशेजारी टोपी काढून. एकाच आडनावाला आत खरवडायचं आणि फाटकावर कोरायचं, यांना लाज कशी वाटत नाही?

आता स्पार्गो म्हणतो, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, कमिटी विचार करेल. जेबेझ काही बोलत नाही. फुप्फुसांत धूळ आहे, बोललं की खोकतो. पण पन्नास वर्षांत हा माणूस एकदाही वाकला नाही, त्याचाच मला अभिमान. भाऊजींनी असली माफी कधी लिहिली होती का, तेवढं कळवा.

तुमची
विनी

हडर्सफील्ड
२ ऑगस्ट १९५७

प्रिय विनी,

नोएलीनला आशीर्वाद. लोकरीचं एक पांघरूण पाठवलंय, बोटीने येईल, लग्नानंतरच पोचेल.

इनॉकने माफी लिहिली नाही. त्याच्याकडे कोणी मागितलीच नाही. इथे गिरणीत शनिवारचा अर्धा दिवस बुडला की मजुरी बुडायची, म्हणून खेळणाऱ्याला भरपाई द्यायची. त्यावरूनच साहेबलोकांशी भांडून आमच्या लोकांनी आपला वेगळा, तेरा जणांच्या रग्बीचा खेळ काढला होता. तुमची पोरं आली तेव्हा रस्ते भरले होते. मी सतरा वर्षांची होते, मागावर. इनॉक गेला तेव्हा शवपेटी उचलायला क्लबची सहा माणसं आली. त्याचं नाव इथे कोणी खरवडलं नाही. हे लिहिताना मला तुझ्यापुढे ओशाळल्यासारखं होतंय.

माझं ऐकशील तर जेबेझला सही करू दे. कागद म्हणजे कागद. म्हाताऱ्याने नात नाचताना पाहावी, बाकी कोण लक्षात ठेवतो?

दुसरं असं, की इनॉकच्या बिस्किटांच्या डब्यात जेबेझचं एक पत्र सापडलं. १९२१ चं. ते तुझ्या वाचण्यात कधी आलं नसावं. पाठवू की चुलीत घालू, ते तू सांग. नाही विचारलंस तरी मी रागावणार नाही.

सेलिना

रिमू क्रीक
१५ ऑगस्ट १९५७

जाऊबाई,

पाठवा. चुलीत घालायचं असतं तर तुम्ही आधी घातलं असतं आणि मग मला लिहिलंच नसतं. अर्धं सांगून ठेवायची ही कसली रीत?

मला आता झोप नाही. एकवीस साली तो वेस्टपोर्टला सहा महिने कामाला होता. तिथे एका खानावळवालीकडे राहायचा, तांबड्या केसांची होती. परत आला तेव्हा याला वाटाण्याच्या सूपात पुदिना लागायला लागला. मी तेव्हाच विचारलं होतं, हा पुदिना कुठून आला? तर म्हणाला, बागेतून. छत्तीस वर्षं मी पुदिना घालतेय जाऊबाई. ती बाई निघाली तर पुदिना मुळासकट उपटीन आणि त्याच्या पायाशी नेऊन टाकीन.

आणि कागद म्हणजे कागद, असं मला पुन्हा सांगू नका. तुमच्याकडे सहा माणसं आली. याच्या पेटीला कोण येणार? स्पार्गो येईल, दोन ओळी मागायला.

विनी

हडर्सफील्ड
२९ ऑगस्ट १९५७

प्रिय विनी,

पुदिना राहू दे. बाई नाही.

पत्र सोबत आहे. दोन कागद आहेत. एक इनॉकला लिहिलेला, दुसरा तुमच्या क्लबला लिहिलेला माफीचा, खाली जेबेझची सही. त्याने इनॉकला लिहिलं होतं की तू थोरला, तू हो म्हणालास तर हा पोस्टात टाक, नाही म्हणालास तर फाड.

इनॉकने टाकलाही नाही आणि फाडलाही नाही. सहा आठवडे रोज जेवणानंतर खिडकीशी उभा राहून तो वाचायचा. तुला ठाऊक असेल, मागांच्या आवाजाने आमचे कान जातात, आम्ही बायका ओठ वाचतो. काचेत त्याचे ओठ दिसायचे. ‘नको रे, जेब,’ म्हणायचा. एक दिवस नव्हे, बरेच दिवस. पण लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘मी इथे पोट भरून बसलोय, मी कुठल्या तोंडाने नको म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू?’ मग तो कागद डब्यात गेला. जेबेझचं पत्र पुन्हा आलं नाही.

मी जेबेझला दोन ओळी लिहू शकले असते. तुझा भाऊ नको म्हणतोय, एवढंच. नवऱ्याचं बोलणं चोरून वाचलेलं, ते कसं लिहायचं, असं वाटलं. हे मी तुझ्यापासून फेब्रुवारीतही लपवलं. मारायचं तर मला मार.

सेलिना

रिमू क्रीक
२० सप्टेंबर १९५७

जाऊबाई,

मारायला तुमच्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून सगळ्यांत आधी कणकेला मारला. पाव दगड झाला. जेबेझने तोही खाल्ला.

मी तो कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला. म्हटलं, ‘हे काय?’ त्याने कप सरकवला आणि कागद उचलला. मग म्हणाला, ‘अक्षर चांगलं होतं तेव्हा माझं.’

मी म्हटलं, ‘अक्षर घाल खड्ड्यात. पन्नास वर्षं मी गावभर सांगतेय की माझा माणूस वाकला नाही. धोब्याच्या दारात, खाटकाच्या दारात. माझं तोंड दुखलं सांगून. आणि तू सही करून बसला होतास.’

‘तुला मी कधी सांगितलं की वाकलो नाही म्हणून?’

‘नाही कुठे म्हणालास?’

‘तू बोलत होतीस,’ म्हणाला, ‘मधे कुठे जागा होती?’

खरंच आहे ते, पण म्हणून राग कमी होत नाही.

मग हळूहळू निघालं. आर्थर दहा वर्षांचा होता. शाळेचा सामना त्या मैदानावर. बाकी पोरांचे बाप दोरीशी उभे, आमचा वॅगनवर. आर्थरने घरी येऊन विचारलं, ‘बाबा, तुम्ही काय चोरलंत?’ त्या संध्याकाळी याने माफी लिहिली. मला कळू दिलं नाही. मग तुमच्याकडे पाठवली आणि वाट पाहिली. ‘उत्तर आलं नाही,’ म्हणाला, ‘म्हटलं, इनॉकला माझी किळस आली असेल. मग राहू दिलं.’ मी त्याला सांगितलं भाऊजी काचेशी काय म्हणायचे ते. तो उठून बाहेर गेला आणि जाळं धुतलं. ते जाळं सकाळीच धुतलेलं होतं.

दोन भाऊ, एक बोलला नाही म्हणून दुसरा बोलला नाही. आणि तुम्ही ओठ वाचून गप्प, आणि मी न वाचताच बडबडत. चौघांनाही एका दोरीत बांधून नदीत बुडवावं असं वाटलं. पण मग आठवलं, या सगळ्याला सुरुवात कोणी केली. पोराने बापाला ‘काय चोरलंत’ विचारावं, ही वेळ कोणी आणली? तर राग परत जिथे जायचा तिथे गेला.

परवा स्पार्गो आला, टोपी हातात. कागद टाइप करून आणला होता.

‘मिसेस ट्रेम्बाथ, दोनच ओळी आहेत. सही तेवढी.’

जेबेझने चष्मा लावला. ‘कुठे करायची?’ मला वाटलं, झालं.

‘इथे, खाली.’

‘आणि तुमची?’

‘माझी कशाला?’

‘आमचं पोर घेतलंत, फाटकाला लावलंत. त्याची पावती.’

स्पार्गो लाल झाला. ‘नियम मी केला नाही, जेबेझ. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो.’

‘मग आता चोपन्नाचे आहात,’ मी म्हटलं. ‘अजून किती मोठं व्हायचंय?’

तो म्हणाला, कमिटी सात जणांची आहे, त्याच्या एकट्याच्या हातात नाही. तो सगळा वेळ, जाऊबाई, १९२१ ची माफी माझ्या एप्रनच्या खिशात होती. सही केलेली. काढून टेबलावर ठेवली असती की जेबेझ हॉलमध्ये, नातीचा पहिला नाच त्याच्याबरोबर. हात खिशात गेलाही होता. जेबेझने ते पाहिलं. स्पार्गो गेल्यावर म्हणाला, ‘विनी, तुझ्याकडे आहे तो कागद. तुला द्यावासा वाटला तर दे. मी काही म्हणणार नाही.’

बघा, पुन्हा काही म्हणणार नाही. यांच्या घराण्याला हीच एक खोड.

नोएलीन म्हणते, आजोबा नाहीत तर मेजवानीच नको. तिच्या सासूचा, आयव्हीचा, डोळा सुजलाय रडून. मी अजून ठरवलेलं नाही. एक महिना आहे.

विनी

रिमू क्रीक
२१ ऑक्टोबर १९५७

जाऊबाई,

परवा लग्न झालं, आज सोमवार, धुणं सोडून लिहायला बसलेय. क्रमाने लिहिते, नाहीतर माझं भलतीकडेच जातं.

चर्चमध्ये जेबेझच नोएलीनचा हात धरून आला. देवाने बंदी घातलेली नाही. पोरगी काय दिसत होती म्हणून सांगू, मी रडायचं विसरून नुसती बघत राहिले. मग सगळं गाव पॅव्हेलियनकडे निघालं. फाटकाशी जेबेझ थांबला, नोएलीनच्या गालाला हात लावला आणि रूळ ओलांडून पलीकडे गेला. तिथे तेरा जणांच्या रग्बीवाल्या पोरांची पत्र्याची शेड आहे. यांनी तुमच्याकडून जो खेळ आणला तो आता आमच्या खोऱ्यात निम्मी पोरं खेळतात, पण हॉल अजून त्यांचा नाही. शेडमध्ये बाक आहे, त्यावर बसला.

त्या दिवशी पहाटे त्याने बादलीभर मासे आणले होते. मी ते नदीत सोडून दिले.

आत टेबल भरलं होतं. अंडं भरलेल्या कचोऱ्या, आल्याच्या वड्या, हॅम, आयव्हीचा तीन थरांचा केक. मी माझं मोठं निळं ताट घेऊन गेले आणि बरोबर त्या खरवडलेल्या फळीखाली मांडलं. रिकामं. स्वच्छ घासलेलं.

बायका आधी हसल्या. त्यांना वाटलं, मागून कोणी घेऊन येतंय. मग पाद्रीबाबा म्हणाले, ‘विनी, धिरडी?’

मी म्हटलं, ‘मासे धरणारा बाहेर आहे.’

आमच्याकडे बाईने लग्नात रिकामं ताट मांडणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. नवीन आलेल्या एखादीने चुकून केलं तर गाव वीस वर्षं हसतं. मी चुकून केलं नव्हतं. अकॉर्डियनवाला थांबला. स्पार्गो माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, ‘मिसेस ट्रेम्बाथ, आजचा दिवस तरी.’ मी म्हटलं, ‘आजच्या दिवसासारखे अठरा हजार दिवस झाले, हर्बर्ट. तुम्ही एक मागता?’

खिशात हात घातला. कागद होता. मला वाटतं, सगळ्यांनाच वाटलं की मी आता तो देणार. माझं मलाही वाटलं. ताट उचललं, कागद त्यावर ठेवला आणि स्पार्गोकडे न जाता बाहेर फाटकाकडे गेले.

आमच्या गावात कोळसा शोधावा लागत नाही. पायाशी होता, एक तुकडा उचलला. माफीचा कागद उलटा करून आर्थरच्या नावावर धरला आणि कोळसा आडवा घासला. आठ वर्षं तिथे बोट फिरवतेय, हे कधी सुचलं नव्हतं. शाळेत नाण्यावर कागद ठेवून करायचो तेच. अक्षर अक्षर वर आलं. आर्थर ट्रेम्बाथ. माझे हात काळे, लग्नासाठी घातलेला झगा काळा.

मागे वळले तर आयव्ही उभी. नवऱ्या मुलाची आई, सेक्रेटरीची बायको, हातात हॅमचं ताट. म्हणाली, ‘शेडमध्ये टेबल आहे का गं?’ मी म्हटलं, ‘बाक आहे.’ ‘चालेल,’ म्हणाली.

सगळं गाव काही आलं नाही, उगीच मोठेपणा सांगत नाही. अकरा बायका आल्या आपापली ताटं घेऊन, नोएलीन आली झगा गुडघ्यापर्यंत धरून, डेस्मंड आला, मग अकॉर्डियनवाला आला, कारण खाणं इकडे होतं. केक जड म्हणून तिकडेच राहिला आणि स्पार्गो त्याच्याशेजारी, राखण केल्यासारखा.

जेबेझपुढे मी ताट धरलं. ‘हे घे. तुला वाढायला एवढंच मिळालं.’

त्याने चष्मा लावला. अंगठा अक्षरांवरून फिरवायला गेला आणि पुसेल म्हणून वरच धरून ठेवला. मग कागद उलटला. स्वतःची सही पाहिली. पुन्हा उलटला. नोएलीन म्हणाली, ‘आजोबा, काय आहे मागे?’

‘तुझ्या बापासाठी लिहिलं होतं काहीतरी,’ म्हणाला. ‘त्याच्या नावाखाली गेलं.’

मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, ‘शेवटची अक्षरं पुसट उठलीत.’

मी चिडले. ‘माझे गुडघे दुखतात. नीट हवं तर तुझं तू जाऊन काढ.’

रागात बोलले होते, जाऊबाई, मनात काही नव्हतं. पण काल रविवारी जेवण झाल्यावर त्याने कोट घातला, फडताळातला जाड कागद गुंडाळून घेतला, खिशात कोळसा टाकला. मी विचारलं नाही. मागून गेले, लांबून. तो फाटकाशी आला आणि थांबला नाही. आत गेला. स्पार्गो खुर्च्या आवरत होता. त्याने पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि टोपी काढली. ती टोपी पन्नास वर्षं उशिरा निघाली. माझ्या हातात असतं तर मी ती डोक्यासकट काढली असती. जेबेझने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला खांबाशी काम होतं.

दोन ठसे काढले. नीट, काळेभोर. वर खोकत खोकत सांगितलं की कोरणाऱ्याचा हात सरळ आहे.

बंदी उठलेली नाही. कमिटीचा कागद आलेला नाही, फळीवरची दोन नावं अजून खरवडलेलीच आहेत. येत्या शनिवारी मी त्या फळीबद्दल बोलायला जाणार आहे. तुम्ही म्हणाल, आता तरी शांत बस. नाही बसणार.

ठशांपैकी एक आमच्या भिंतीवर आहे. दुसरा सोबत पाठवतेय. जेबेझनेच घडी घातलीय. म्हणाला, भाऊजींच्या बिस्किटांच्या डब्यात जागा झाली असेल.

तुमची धाकटी
विनी